तारीख नको, तिथी धरा : ठाणे खाडीतल्या प्लवकांची दीर्घकालीन नोंद

मंडळी, जवळा आपल्या बहुतेकांच्या घरी येतो. सुकवलेला, वांग्यात घालायला नाहीतर चटणीला. हा जवळा मोजदादीत मोठ्या प्राणिप्लवकांमध्ये धरतात. प्लवक म्हणजे पाणी नेईल तिकडे जाणारे जीव: काही वनस्पतींसारखे, उन्हावर वाढणारे, आणि काही त्यांना खाणारे प्राणी. खाडीत उतरणारे छोटे रोहित पाण्यातलं नि चिखलावरचं सूक्ष्म शेवाळ गाळून खातात. कोळंबीची, खेकड्याची, बहुतेक माशांची पिल्लंही सुरुवातीचे दिवस प्लवक म्हणूनच काढतात. त्यामुळे ठाणे खाडीत वीस वर्षांत कोणती जात वाढली आणि कोणती आटली, हा प्रश्न खाडीवर जगणाऱ्या प्रत्येकाचा आहे.

या प्रश्नाचं उत्तर देताना सर्वांत मोठी फसगत भरती-ओहोटी करते. ऐरोलीच्या पुलाखाली उभं राहिलं की वाटतं, आपण एका ठिकाणी आहोत. जागा एकच असते, पाणी एक नसतं. प्रवाहाचा वेग सरासरी सेकंदाला अर्धा मीटर धरला, तर सहा तासांत पाणी दहा किलोमीटरहून जास्त सरकतं, आणि अख्खी खाडी आहे सुमारे सव्वीस किलोमीटरची. पूर्ण भरतीला पुलाखाली बंदराकडून आलेलं खारं पाणी असतं, त्यात पॅराकॅलॅनससारखे समुद्री कोपेपॉड, म्हणजे कोळंबीच्या कुळातले अगदी बारीक प्राणिप्लवक. ओहोटीला तिथेच वरच्या अंगाचं गढूळ, कमी प्राणवायूचं पाणी उतरतं, त्यात अशा पाण्यात तग धरणाऱ्या मोजक्या जाती. एका वर्षी सगळे नमुने भरतीचे आणि पुढच्या वर्षी ओहोटीचे घेतले, तर कागदावर समुद्री जाती नष्ट झालेल्या दिसतील. प्रत्यक्षात काहीच झालेलं नसेल.

हे टाळायला दर पंधरा दिवसांनी ठरल्या वेळी नमुना घेतात. इथे एक सापळा आहे, आणि तो नीट समजून घ्यायला हवा. उधाण ते उधाण हे चक्र १४.७७ दिवसांचं असतं, म्हणजे तुमच्या पंधरा दिवसांपेक्षा जेमतेम ०.२३ दिवसाने कमी. पहिला नमुना उधाणाच्या दिवशी पडला, तर पुढचा किंचित सरकतो, त्यापुढचा आणखी थोडा. तीस-बत्तीस नमुन्यांनंतर तुम्ही बरोबर भांगात, म्हणजे सर्वांत कमी चढ-उताराच्या भरतीत, पोहोचता आणि साधारण त्रेसष्ट नमुन्यांनंतर परत उधाणावर येता. त्रेसष्ट पंधरवडे म्हणजे अडीच वर्षांहून थोडा जास्त काळ. आलेखात अडीच वर्षांची सुरेख लाट दिसते. मग कुणी तिचं नातं एल निनोशी जोडतं, कुणी कारखान्यांच्या सांडपाण्याशी. ती लाट कॅलेंडरची असते.

उपाय कोळीवाड्यात पिढ्यानपिढ्या वापरात आहे: तारीख सोडा, तिथी धरा. तिथीला तीनने गुणून चारने भागलं की पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. तिथी पक्की केली की भरतीची उंची आणि तिची घड्याळातली वेळ दोन्ही एकदम पक्क्या होतात, म्हणजे उजेडही सारखाच राहतो. ही सोय कॅलेंडरला कधीच जमणार नाही.

म्हणून आमचा आग्रह असा. दर महिन्याच्या वद्य पक्षात द्वितीया आणि नवमी हे दोन दिवस घ्या. द्वितीयेला उधाण असतं: ओहोटी सकाळी साडेसातच्या, भरती दुपारी दीडच्या आसपास. नवमीला भांग: भरती पावणेसातच्या, ओहोटी दुपारी एकच्या सुमारास. चारही वेळा दिवसाच्या. हिवाळ्यात मात्र नवमीची भरती सूर्योदयाला टेकते. प्राणिप्लवक अंधारात वर येतात, म्हणून त्या नोंदीवर तशी खूण हवी. तिथीचा क्षय असेल तर भरतीचं कोष्टक पाहून जवळचा दिवस घ्या. घारापुरीकडचं खाडीचं तोंड, वाशीचा पूल आणि ऐरोलीचा पूल अशा तीन जागा धरल्या, तर वर्षाला जवळपास दीडशे नमुने होतात. नाव तोंडाकडून वर न्यायची, भरतीच्या मागोमाग.

प्रत्येक वेळी क्षारता, म्हणजे पाण्याचा खारेपणा, आणि तापमान मोजलंच पाहिजे. क्षारता सोडून दिली, तर बाकी सगळ्या मेहनतीची किंमत निम्मी होते. पावसाळ्यात वरच्या खाडीची क्षारता एकदम उतरते, आणि जातींचा नकाशा ‘वाशी’, ‘ऐरोली’ अशा नावांवर काढण्यापेक्षा क्षारतेवर काढला, तर पुष्कळ गोंधळ आपोआप सुटतो. पावसाळ्यातले नमुनेच नेहमी राहून जातात. जून ते सप्टेंबर सोडून काढलेलं वर्ष हे वर्ष नव्हे. नाव जात नसेल तर पुलावरून बादलीने तरी पाणी घ्या. त्यात निदान वनस्पतिप्लवक मिळतात.

आता जाळं. प्राणिप्लवकांसाठी ०.२ मिलिमीटर छिद्रांचं जाळं आणि तोंडाशी प्रवाहमापक. मापक तोंडाच्या मध्यभागी बांधू नका, मध्य आणि कडा यांच्या अधेमधे बांधा. मध्यावर दोऱ्यांच्या जुळणीमुळे प्रवाह बिघडतो. गाळलेलं पाणी म्हणजे तोंडाचं क्षेत्रफळ गुणिले अंतर. पन्नास सेंटिमीटर व्यासाच्या तोंडाचं क्षेत्रफळ ०.१९६ चौरस मीटर, दीडशे मीटर ओढलं तर साधारण २९ घनमीटर पाणी. आपल्या खाडीतला गाळ मात्र जाळं चटकन बुजवतो, आणि पाणी आत जाण्याऐवजी तोंडावरून फिरून बाहेर पडतं. छिद्रांचं एकूण मोकळं क्षेत्र तोंडाच्या निदान पाचपट असावं, इथल्या गढूळ पाण्यात नऊ-दहापट. ओढ दोन-तीन मिनिटांचीच ठेवा. त्याच वेगाने, तेवढ्याच वेळात दुसऱ्या ओढीला मापकाचे आकडे पहिलीच्या निम्म्यावर आले, तर तो नमुना टाकून द्या. जाळं दरवेळी बाहेरून धुवायचं, म्हणजे चिकटलेलं सगळं तळाच्या बाटलीत उतरतं.

वनस्पतिप्लवकांसाठी जाळं नकोच, त्यातून बारीक जाती निसटतात. अर्धा ते एक लिटर पाणी बाटलीत घ्या आणि लुगॉलचं आयोडीन घाला, रंग फिक्या कोऱ्या चहासारखा होईपर्यंत. उजेडात आयोडीन उडतं, म्हणून बाटली काळ्या कागदात ठेवा आणि महिन्याने रंग तपासा. नमुना खाली बसायला पाण्याच्या उंचीच्या दर सेंटिमीटरला तीन-चार तास द्या. गाळ डायटमांना (काचेसारख्या कवचाच्या एकपेशी वनस्पतिप्लवकांना) झाकत असेल तर पन्नास मिलिलिटरऐवजी दहाच बसवा. प्राणिप्लवकांसाठी फॉर्मेलिन, नऊ भाग नमुन्याला एक भाग, आणि त्यात बोरॅक्स (टाकणखार). बोरॅक्सशिवाय फॉर्मेलिन आंबट होत जातं आणि शिंपल्यांच्या पिल्लांची कवचं विरघळवून टाकतं. दोन वर्षांनी बाटली उघडली की वाटतं, त्या वर्षी शिंपल्यांची पैदासच झाली नाही.

मोजणीत किती पेशी मोजल्या यावर विश्वास ठरतो. शंभर मोजल्या तर चूक वीस टक्क्यांच्या आत, चारशे मोजल्या तर दहा टक्क्यांच्या आत. पंचवीसच मोजून एखादी जात ‘चाळीस टक्के घटली’ म्हणणं म्हणजे मोजणीचीच चूक वाचून दाखवणं.

छोट्या मुदतीचा कल किती फसवतो, याचं उदाहरण अरबी समुद्राचंच आहे. १९९७ नंतरची उपग्रहाची जेमतेम सात वर्षं पाहून २००५ साली पश्चिम अरबी समुद्रात वनस्पतिप्लवक वाढत असल्याचा निष्कर्ष निघाला. २०१६ साली सहा दशकांचा मागोवा घेणाऱ्या अभ्यासात पश्चिम हिंदी महासागरात वीस टक्क्यांपर्यंत घट दिसली. उलट इंग्लंडच्या अ‍ॅलिस्टर हार्डी यांचं प्लवकनोंद यंत्र १९३१ पासून उत्तर समुद्रात जहाजांमागून ओढलं जातं आहे, त्याच पद्धतीच्या रेशमी जाळीने. म्हणून ईशान्य अटलांटिकमध्ये उष्ण पाण्यातले कोपेपॉड चार दशकांत सुमारे दहा अक्षांश उत्तरेकडे सरकले, हे तिथे ठामपणे सांगता आलं. जाळी बदलावीच लागली, तर निदान एक वर्ष जुनी आणि नवी दोन्ही सोबत ओढा. नाहीतर ०.३३ मिलिमीटरवरून ०.२ वर आलात की ऑइथोनासारखे लहान कोपेपॉड एका रात्रीत ‘वाढतात’.

नावांचंही तसंच. स्केलेटोनेमा कोस्टाटम हा डायटम जुन्या यादीत जिथेतिथे दिसतो. २००५ नंतरच्या कामातून उघड झालं की त्या एका नावाखाली अनेक जाती लपलेल्या आहेत. समुद्रातल्या सेरेशियम या एकपेशी प्लवकाच्या जाती आता ट्रिपॉस म्हणवतात. वीस वर्षांपूर्वीच्या यादीतलं नाव आजच्या यादीत नाही, म्हणून जात गेली असं धरू नका. आणि नुसती यादी असेल तर हे तपासताही येत नाही. त्यासाठी बाटली हवी.

म्हणून मोजून उरलेला नमुना ओतून देऊ नका. बाटलीत प्लवक दहाव्या हिश्शाहून जास्त नसावेत. आत ट्रेसिंग पेपरची चिठ्ठी, शिसपेन्सिलीने लिहिलेली: जागा, तारीख, तिथी, भरती की ओहोटी, क्षारता, जाळीचं माप, गाळलेलं पाणी. बाहेरच्या लेबलाची शाई फॉर्मेलिनने आणि अल्कोहोलने उतरते, आतली पेन्सिल टिकते. डीएनएसाठी थोडा भाग ९५ टक्के इथेनॉलमध्ये वेगळा ठेवा, फॉर्मेलिनमधल्या नमुन्यात डीएनए तुटतो. दरवर्षी पावसाळ्यानंतर झाकणं तपासा, पातळी उतरली असेल तर तेवढंच बोरॅक्सयुक्त फॉर्मेलिन घाला, आणि किती घातलं ते त्याच चिठ्ठीच्या मागे पेन्सिलीने लिहा.