राखेत बसलेला माणूस

[काळा पडदा. मडकं फुटल्याचा आवाज. हळूहळू उजेड : राख, आणि राखेत पडलेली एक खापरी.]

निवेदन :
अंगभर गळवं उठली आहेत. हातात खापरी आहे, तीच तो अंगावर ओढतोय. बसलाय राखेत.

कालपरवापर्यंत या माणसाकडे सात हजार मेंढरं होती. तीन हजार उंट, बैलांच्या पाचशे जोड्या, पाचशे गाढवी. सात मुलगे, तीन मुली. मग एके दिवशी एक गडी धापा टाकत आला : बैल लुटून नेले, माणसं कापून काढली. त्याचं बोलणं संपतंय तोच दुसरा आला. आकाशातून आग पडली, मेंढरं गेली. तो बोलतोय तोवर तिसरा. उंट गेले. आणि चौथा... थोरल्या मुलाच्या घरी सगळी भावंडं जेवत होती, वाळवंटाकडून वारा सुटला, घर कोसळलं.

चौघांचंही शेवटचं वाक्य एकच : हे तुम्हाला सांगायला मीच तेवढा वाचलो.

ईयोब. बायबलच्या जुन्या करारात त्याच्या नावाचं पुस्तक आहे, ४२ अध्यायांचं. 'माझ्याच वाट्याला का?' हा प्रश्न त्यात इतक्या वेळा, इतक्या तोंडांनी विचारलाय की वाचणारा दमतो.

[पान उलटतं. बोट एका ओळीखाली थांबतं.]

ख्रिस्ती घरात कुणी गेलं की ईयोबाचं एक वाक्य हमखास कानावर येतं. "परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले, धन्य परमेश्वराचे नाम." शवपेटीजवळ उभं राहून कुणीतरी ते म्हणतं, बाकीच्यांच्या माना हलतात. वाक्य मोठंच आहे. पण ते पहिल्या अध्यायातलं. तिसऱ्या अध्यायात हाच ईयोब आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, आईच्या पोटातच का मेलो नाही म्हणून विचारतो. ते पान शवपेटीजवळ सहसा कुणी उघडत नाही.

मधल्या दुसऱ्या अध्यायात तीन मित्र भेटायला येतात. एलीफज, बिल्दद, सोफर. लांबून त्यांना तो ओळखूच येत नाही. ते हंबरडा फोडतात, अंगरखे फाडतात आणि त्याच्याजवळ भुईवर बसतात. सात दिवस, सात रात्री. तोंडातून शब्द काढत नाहीत, कारण त्याचं दुःख फार मोठं आहे हे त्यांना दिसत असतं.

[लांबून : चार आकृत्या, एकही हलत नाही. दिवस मावळतो. पुन्हा उगवतो.]

पुढे जे बोलले त्यापायी हे तिघं जन्माचे बदनाम झाले. पण हे सात दिवस त्यांच्या नावावर जमा धरले पाहिजेत. दुखवट्याच्या घरी सात मिनिटं गप्प बसणंसुद्धा आपल्याला जड जातं.

ईयोबाने तोंड उघडलं आणि मित्रांनाही राहवलं नाही. काहीतरी केलं असशीलच, म्हणतात. देव उगीच कुणाला मारत नाही. बिल्दद तर मेलेल्या मुलांवर घसरतो : त्यांनी पाप केलं असेल, त्याची फळं भोगली. बाप समोर बसलेला आहे. एलीफज सुरुवातीला जपून बोलत होता. बाविसाव्या अध्यायापर्यंत त्याचाही तोल जातो आणि तो आरोपांची यादीच वाचतो. तहानलेल्याला तू पाणी दिलं नाहीस, विधवांना रिकाम्या हाती परत पाठवलंस. पुरावा काही नाही. शिक्षा झालेली दिसतेय, तेव्हा गुन्हा असणारच, असा हिशेब. देव न्यायी आहे हे सिद्ध करायला तो मित्राला खुशाल गुन्हेगार करून टाकतो.

ईयोब मागे हटत नाही. त्याला खटला हवाय, थेट देवाशी. माझं म्हणणं कुणी ऐकून घेईल का, म्हणतो. ही माझी सही.

[वाऱ्याचा आवाज वाढत जातो.]

अडतिसाव्या अध्यायात देव वावटळीतून बोलतो. चार अध्याय बोलतो, आणि उलट प्रश्नच विचारतो. मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास? पहाडी बकऱ्या कधी वितात ते तुला ठाऊक आहे का? हिमाची कोठारं, गरुडाचं घरटं, वाळूत अंडी टाकून जाणारी शहामृगी, सगळं येतं. मुलं का गेली, याबद्दल अक्षर नाही. पहिल्यांदा वाचताना याची चीड येते. दुसऱ्यांदाही येते.

पण शेवटच्या अध्यायात देव एलीफजकडे वळतो. तुम्ही तिघं माझ्याविषयी खरं बोलला नाहीत, म्हणतो. माझा सेवक ईयोब बोलला. म्हणजे देवाची वकिली करणारे हरले, आणि देवाला जाब विचारणारा खरा ठरला. त्या वकिलांसाठी प्रार्थना करायचं कामही ईयोबाच्याच गळ्यात पडतं.

ईयोबाला गेलेलं सगळं दुपटीने मिळालं असं आपण सांगतो. नीट वाचलं तर जनावरं दुप्पट झाली. मुलं पुन्हा दहाच. आधीच्या दहांची जागा नव्या दहांनी भरली, असं पुस्तक कुठेही म्हणत नाही.

[दगडी पायऱ्या, खाली उतरत पाण्याकडे गेलेल्या. यरुशलेम.]

निवेदन :
हे शिलोहाचं तळं. येशूच्या काळातल्या त्याच्या पायऱ्या २००४ साली खणताना सापडल्या. 'कुणाच्या पापामुळे?' हा मित्रांचा प्रश्न येशूसमोरही आला, आणि दोन्ही वेळा गोष्टीत शिलोह आहे.

एकदा वाटेत एक जन्मांध दिसला. शिष्य म्हणाले, गुरुजी, पाप कुणी केलं, याने की याच्या आईबापांनी? प्रश्नात दोनच पर्याय होते. येशूने दोन्ही नाकारले, त्याच्या डोळ्यांना चिखल लावला आणि त्याला शिलोहाच्या तळ्यावर धुवायला पाठवलं. दुसऱ्यांदा विषय निघाला तो शिलोहाच्या बुरुजाचा. बुरूज कोसळून अठरा जण ठार झाले होते. ते बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होते असं तुम्हाला वाटतं का, येशूने विचारलं. आणि स्वतःच म्हणाला, नाही. आधी तुम्ही आपलं बघा, पश्चात्ताप करा, हेही त्याने तिथेच सुनावलं. मेलेल्यांचा हिशेब मात्र मांडू दिला नाही.

इतकं स्वच्छ लिहून ठेवलेलं असूनही त्याचेच अनुयायी ते विसरत आले. १ नोव्हेंबर १७५५, लिस्बन. सर्व संतांचा सण, सकाळची वेळ, चर्च गच्च भरलेली, मेणबत्त्या लागलेल्या. भूकंप झाला, छपरं भाविकांवर आली, पाठोपाठ समुद्र शहरात शिरला आणि आग कित्येक दिवस धुमसत राहिली. पुढच्याच वर्षी जेझुइट या कॅथलिक संघातल्या एका धर्मगुरूने पत्रक छापून कारण सांगितलं : लिस्बनकरांची पापं. बिल्ददची गादी कधी रिकामी राहत नाही.

[अरुंद जिना. कॅमेरा अंधारात एकेक पायरी उतरतो.]

निवेदन :
यरुशलेमच्या पूर्वेला, जैतुनाच्या डोंगराच्या पलीकडच्या उतारावर एक गाव आहे, अल-अझरिया. या नावात येशूचा मित्र लाजार दडलेला आहे. बायबलमधलं बेथानी ते हेच. एक जुनी कबर इथे लाजाराची म्हणून दाखवतात.

लाजार आजारी पडला तेव्हा त्याच्या बहिणींनी येशूला निरोप धाडला होता. निरोप पोचला. तरी येशू होता तिथेच आणखी दोन दिवस राहिला. येशूचं चरित्र, म्हणजे शुभवर्तमान, लिहिणाऱ्या योहानाने हे लपवलेलं नाही. येशू बेथानीला आला तेव्हा लाजाराला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते.

मार्था वेशीबाहेर सामोरी गेली. "प्रभूजी, आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता." थोड्या वेळाने मरीया आली, पाया पडली, आणि म्हणाली : "प्रभूजी, आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता." तेच वाक्य. त्या चार दिवसांत दोघी बहिणी घरात हेच बोलत असणार. आत्ता आले असते तर. काल आले असते तर. दवाखान्याच्या बाकावर ज्यांनी रात्र काढली आहे त्यांना हे वाक्य वेगळं शिकवावं लागत नाही.

मार्थेला तो म्हणतो, पुनरुत्थान आणि जीवन मीच आहे. मरीयेला काहीच म्हणत नाही. तिच्यासोबत रडत आलेल्या लोकांकडे बघतो आणि एवढंच विचारतो : त्याला कुठे ठेवलंय?

[पडद्यावर फक्त दोन शब्द : येशू रडला.]

थोड्या वेळाने हा लाजाराला हाक मारणार आहे, आणि लाजार कबरेतून जिवंत बाहेर येणार आहे. हे ठाऊक असलेल्या माणसाने रडायचं कशाला? शेवट गोड असला म्हणून मधलं दुःख खोटं ठरत नाही, असा याचा अर्थ आम्ही लावतो. पटत नसेल तर सोडून द्या. तो रडला एवढं तर लिहिलेलंच आहे.

काही दिवसांनी गेथशेमाने बागेत प्रार्थना करण्याची वेळ खुद्द त्याच्यावर आली. हा प्याला माझ्यावरून टळो. टळला नाही. दुसऱ्या दिवशी वधस्तंभावर त्याने मोठ्याने हाक मारली : "एलोई, एलोई, लमा सबख्थनी?" माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? ही बायबलमधल्या बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ. लहानपणापासून पाठ असणार. मार्काच्या शुभवर्तमानात वधस्तंभावरचं हे त्याचं एकमेव वाक्य आहे, आणि तो प्रश्न आहे. वरून उत्तर आल्याची नोंद नाही. तिसऱ्या दिवशी कबर रिकामी मिळाली, हेच ते उत्तर, असं ख्रिस्ती माणूस मानतो. तरी योहान सांगतो की उठलेल्या येशूच्या हातांवर खिळ्यांच्या खुणा तशाच होत्या. आपला विश्वास बसत नाही असं चारचौघांत सांगणाऱ्या थोमा या शिष्याला त्याने त्याच दाखवल्या.

[जुना छापखाना. खिळ्यांच्या पेट्या. एक हात अक्षरं जुळवतोय.]

निवेदन :
बायबल मराठीत आणणाऱ्यांपैकी एका बाईंचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पंडिता रमाबाई. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात वडील गेले, आई गेली, बहीण गेली. आईला न्यायला खांदेकरी मिळेनात. दोन माणसांना दया आली, तिसरा भाऊ, चौथ्या रमाबाई. उंची कमी पडत होती, म्हणून त्यांनी आईचा भार डोक्यावर घेतला. पुढे भाऊ गेला. १८८२ साली पटकीने नवरा गेला, लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. मांडीवर तान्ही मनोरमा.

१८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आता ही निमूट ऐकेल असं तिथल्या ख्रिस्ती मठातल्या जोगिणींना वाटलं असेल, तर तो गैरसमज टिकला नाही. रमाबाई पत्रांतून वाद घालत राहिल्या. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचं त्रैक्य म्हणजे नेमकं काय, येशूच्या देवत्वाला आधार कोणता, चर्चच्या हुकमापुढे मी बुद्धी का बाजूला ठेवू? विवेकाचं स्वातंत्र्य त्यांनी फार मोल देऊन मिळवलं होतं, ते कुणाच्या हवाली करायला त्या तयार नव्हत्या.

केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर हाती घेतलं. साध्या बाईला वाचून कळेल असं मराठी त्यांना हवं होतं. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याही मुक्तीतल्याच बाया. त्यांतल्या कितीजणी दुष्काळातून उचलून आणलेल्या होत्या. काम शेवटाला येत असताना, १९२१ साली, मनोरमा गेली. एकुलती एक. एप्रिल १९२२मध्ये रमाबाई गेल्या. १९२४ साली पुस्तक बाहेर पडलं.

त्यात ईयोबही आहे. राखेतला माणूस मराठीत बोलता करताना त्यांच्या मनात काय आलं असेल, ते त्यांचं त्यांनाच माहीत.

[रात्र. मठाचं लहानसं प्रार्थनाघर. चारपाच माणसं. एकच दिवा.]

निवेदन :
स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत. तक्रारीची पुष्कळ आहेत, पण बहुतेक शेवटी कुठेतरी वळतात. तरीही मी तुझी स्तुती करीन, म्हणतात. अठ्ठ्याऐंशीवं वळत नाही. तू माझ्यापासून तोंड का लपवतोस, असं विचारतं. माझी जिवलग माणसं तू माझ्यापासून दूर केलीस, म्हणतं. मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्द आहे : अंधार.

असलं स्तोत्र कुणी गाळून टाकलं असतं तर नवल वाटलं नसतं. कॅथलिक प्रार्थनाक्रमात ते दर शुक्रवारी रात्री, झोपण्यापूर्वीच्या प्रार्थनेत नेमून दिलेलं आहे. त्या दिवशी कुणाचा आठवडा चांगला गेलेला असतो, कुणाचा नाही. म्हणायचं सगळ्यांनी.

[आवाज एकसुरी, थकलेले. स्तोत्र संपतं. क्षणभर शांतता.]

त्यानंतर ते एक लहानशी ओळ म्हणतात : प्रभू, तुझ्या हाती मी माझा आत्मा सोपवतो.

[खुर्च्या सरकतात. कुणीतरी खोकतं. दिवा मालवला जातो. अंधारात पावलांचा आवाज, जिना चढणारा.]