कुंभारणीची शाकाहारी भावकी

नमस्कार श्रोतेहो.

मीटरच्या पेटीवर नाहीतर खिडकीच्या कोपऱ्यात मातीचं घरटं लिंपणारी, सुतासारख्या कमरेची कुंभारीण सगळ्यांच्या ओळखीची. ते घरटं फोडलं तर आत कोळी निघतात. मेलेले नव्हे, डंखून लुळे केलेले. एका खोलीत कोळी भरायचे, अंडं घालायचं, तोंड बुजवायचं, की बाई पुढच्या खोलीला मोकळी.

आता अंगणातला गुलाब बघा. पानांच्या कडेला कात्रीनं कापल्यासारखे गोल काप दिसले, तर समजा एक एकटी मधमाशी येऊन गेली. हिला पोळं नाही, राणी नाही, कामकरी नाहीत. वेळूच्या पोकळीत ती पानांच्या तुकड्यांची खोली करते, पराग आणि मकरंद कालवून ठेवते, अंडं घालते आणि दार बंद. संसार कुंभारणीचाच, शिधा तेवढा बदलला.

बदलला तो सुमारे बारा कोटी वर्षांपूर्वी, फुलझाडं पसरू लागली तेव्हा. कुंभारणीच्या कुळातल्या कुठल्याशा शिकारी माशीनं भक्ष्य सोडून पराग धरला, आणि तिथून मधमाश्या झाल्या. म्हणून कुंभारीण दिसायला गांधीलमाशीसारखी असली, तरी नात्यानं मधमाशीला जवळची. मुंगीचंही तसंच, जनुकं ताडली तर तीसुद्धा पोळं करणाऱ्या गांधीलमाशीपेक्षा मधमाशीकडेच झुकते. वाळवीला मात्र या भावकीत घेऊ नका, ती झुरळाच्या घरातली.

डंख हा मुळात अंडी घालायचा अवयव. त्यामुळे या कुळातला नर कितीही गुणगुणला तरी डसू शकत नाही.

जगात मधमाश्यांच्या 20,000हून जास्त जाती, त्यातल्या बहुतेक एकट्याच राहणाऱ्या. महाबळेश्वरच्या मधाचं आपण कौतुक करतो, आणि करावंच. पण कृष्णाकाठच्या वांग्याचं काय? त्याचा पराग नळीत कोंडलेला असतो, टोकाच्या बारीक छिद्रातून सुटतो. पोळ्यातल्या मधमाशीला तो झाडून काढता येत नाही. निळ्या पट्ट्यांची एकटी माशी फूल मिठीत धरते, पंख न हलवता अंग थरथरवते आणि पराग भुरभुर गळतो. तिचं बीळ बांधाच्या उघड्या मातीत असतं. वांग्यावर फवारायचंच झालं, तर दिवस मावळताना फवारा. तोवर ती बिळात परतलेली असते.