पैसे खात्यात दिसेपर्यंत पेटी घरातच

इंदूरचं रामबाग. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी घरातली पेटी विकायला काढलीय. वाजवणारं कुणी उरलं नाही, भाता हवा धरत नाही, वरच्या सप्तकातले दोन सूर अडकतात. मोबाइलवर फोटो टाकला आणि संध्याकाळी गिऱ्हाईक दारात हजर. सौदा साडेआठ हजारांवर ठरला.

मुलगा सभ्य दिसतो. पेटी कपड्यात गुंडाळतो आणि फोनवरची हिरवी खूण काकूंसमोर धरतो. "आंटीजी, हो गया." काकूंच्या फोनवर मात्र काहीच आलेलं नाही.

घात होतो तो इथंच. समोरच्याला घाई असते, वस्तू त्याच्या हातात असते, आणि "थांब, आधी माझ्या खात्यात बघते" हे तोंडावर म्हणणं आपल्या जिवावर येतं. आपण त्याला चोर ठरवतोय की काय, असं वाटतं. भीड भिकेची बहीण, हे ठाऊक असूनही आपण भिडेपोटी मान डोलावतो.

दुसऱ्याच्या फोनवरची हिरवी खूण म्हणजे फक्त चित्र. नाव आणि रक्कम भरली की हुबेहूब पावती बनवून देणारी खोटी ॲप्स आहेत. "रक्कम जमा झाली" असा मेसेज तर कुणीही टाइप करून पाठवू शकतो. बँकेचा मेसेज साध्या दहा आकडी मोबाइल नंबरवरून येत नाही, एवढं पाहिलं तरी बरेचसे खोटे मेसेज उघडे पडतात.

काकू चष्मा लावतात आणि स्वतःच्या बँकेचं ॲप उघडतात. गिऱ्हाईक येण्याआधी त्यांनी शिल्लक पाहून ठेवली होती, ही त्यांची हुशारी. आता ती वाढली का, शेवटची नोंद कुणाच्या नावाची, रक्कम तीच का, बारा आकडी व्यवहार क्रमांक मुलाच्या फोनवरच्या क्रमांकाशी जुळतो का, हे त्या शांतपणे ताडून बघतात. मुलगा जिन्याच्या कठड्याला टेकून उभा राहतो. "देख लीजिए आराम से." खऱ्या गिऱ्हाइकाला राग येत नाही.

यूपीआयचा पिन लागतो तो पैसे देताना आणि स्वतःची शिल्लक बघताना. पैसे घेताना कधीच नाही. क्यूआर कोडचंही तसंच: स्कॅन करतो तो पैसे देणारा. "मी कोड पाठवतो, तुम्ही स्कॅन करा, पैसे तुम्हाला येतील" असं कुणी म्हणालं, तर व्यवहार तिथंच मोडावा. आधी हीच फसवणूक पैसे मागणारी विनंती पाठवूनही चालायची. एका व्यक्तीनं दुसऱ्या व्यक्तीला अशी विनंती पाठवण्याची सोय यूपीआय चालवणाऱ्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशननं 1 ऑक्टोबर 2025 पासून बंद केली. कोडची युक्ती मात्र अजून चालू आहे.

कधी कधी गिऱ्हाइकाच्या खात्यातून पैसे खरंच जातात आणि आपल्याकडे पोचत नाहीत. त्याचा जीव खालीवर होतो, आपलाही. पण रिझर्व्ह बँकेचा 2019 चा नियम आहे: पैसे जमा होऊ शकले नाहीत, तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत ते आपोआप परत गेले पाहिजेत, नाहीतर बँकेनं दिवसाला 100 रुपये भरपाई द्यायची. म्हणजे गिऱ्हाइकाचं नुकसान होत नाही. पेटी एक रात्र आणखी घरात राहिली, तर कुणाचं काय बिघडतं?

आणखी एक धोका आहे, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. पैसे खरेच येतात, पण ते कुणाला तरी फसवून मिळवलेले असतात. मूळ मालक तक्रार करतो, पैशाचा माग तुमच्या खात्यापर्यंत येतो, आणि बँक ती रक्कम अडकवून ठेवते. कधी सगळं खातंच गोठवते. विकणाऱ्यानं काहीही गैर केलेलं नसताना त्याला महिनोन् महिने खेटे घालावे लागतात. म्हणून पैसे समोर उभ्या असलेल्या माणसाच्याच नावानं यावेत. "दोस्त के खाते से भेज रहा हूँ" याला ठाम नकार द्यावा. आणि फोटो, भाव ठरवतानाचं चॅट, वस्तू दिल्याची दोन ओळींची चिठ्ठी, सगळं जपून ठेवावं.

स्कूटर विकायची असेल, तर पैसे जमा झाल्यावरच किल्ली द्यावी, आणि गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म 29 व 30 वरच्या सह्या त्याच बैठकीत उरकाव्यात. रक्कम मोठी असेल, तर यूपीआयची मर्यादा आड येते: माणसामाणसांत साधारण दिवसाला एक लाख. मग एनईएफटी, म्हणजे एका बँक खात्यातून दुसऱ्या खात्यात पैसे पाठवणं. ते दर अर्ध्या तासाच्या फेरीनं जातं, सुट्टीच्या दिवशीही. तेवढा वेळ गिऱ्हाइकाला चहा द्यावा.

एवढं करूनही फसलात, तर लाजून घरात बसू नका. लगेच 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येतात, म्हणून इथं मिनिटामिनिटाला किंमत आहे. व्यवहार क्रमांक, रक्कम आणि वेळ हाताशी ठेवूनच नंबर फिरवा.