पाऊस लागायच्या आत

श्रोतेहो, नमस्कार.

मृग तोंडावर आलाय. महाबळेश्वरच्या पाठीला, कोयनेच्या खोऱ्यात ज्यांची घरं डोंगरउतारावर आहेत, त्यांना पाऊस म्हणजे काय ते मी सांगायला नको. २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरात एका दिवसात जवळजवळ सहाशे मिलिमीटर पडला होता. पुण्यात अख्ख्या पावसाळ्यात जेवढा पडतो, साधारण तेवढा.

तांदूळ, नाचणी, कुळीथ, सुकट, मीठ तुम्ही भरलंच असेल. मला आज सरपणाचं बोलायचंय. धान्य पुरतं, सरपण संपतं. पुन्हा सांगतो, धान्य पुरतं, सरपण संपतं.

आमची आत्या अशाच एका वाडीवर राहायची. चार उंबरे, मधे ओढा, ओढ्यावर साकव. एका वर्षी, आषाढ लागायच्या आत उरकून घेऊ म्हणून, तिच्या मुलीला बघायला पाहुणे आले. मुलगा, त्याचा बाप, मामा, आणखी दोघं. पांढऱ्या पँटी, पायात बूट. पोहे झाले, चहा झाला, आणि खालून पोरगं ओरडत आलं, "साकव गेला!"

झालं. पाहुणे अडकले. भाकरी आणि कुळथाचं पिठलं, पिठलं आणि भाकरी. धान्याला धक्का लागला नाही हो! पण अंघोळीला कढत पाणी, घडीघडीला चहा, आणि त्या पँटी वाळवायला रात्रभर जाळ. पडवीतली ऐनाची लाकडं अशी उतरत गेली, की मागची भिंत दिसायला लागली. शेवटी आत्यानं गोठ्यातला मोडका नांगर काढला.

आणि तो फोडत होतं कोण? मुलगी. नवरदेव चुलीपाशी हात शेकत बसलेले. मुलाच्या बापाला बघवेना. तो उठला, पोरीच्या हातून कुऱ्हाड घेतली आणि स्वतः फोडायला लागला. तर आतून नवरदेव म्हणतात, "बाबा, जरा बारीक फोडा, धूर होतोय."

पाणी उतरलं. निघताना मामा म्हणाले, "मुलगी पसंत आहे बरं का." आतून मुलीचा आवाज आला, "आई, त्यांना सांग, सासरा पसंत आहे. नवरा नको."

तर सरपण. लाकडं जमिनीला टेकवू नका, खाली दगड घाला. भिंतीपासून वीतभर सोडून रचा, म्हणजे वारा खेळतो. उद्याचं लाकूड आज चुलीमागं लावा. शेणी माळ्यावर. काडेपेटी घट्ट झाकणाच्या डब्यात. गॅस आला म्हणून निर्धास्त राहू नका, रस्ता खचल्यावर टाकी वर कोण आणणार? आणि ती निळी ताडपत्री! दोन वाऱ्यांत तिच्या चिंध्या होतात. गवताची झड विणायला आळस नको. पत्र्याच्या घराचंही मला कौतुक नाही. पाऊस सुरू झाला की रेडिओ ऐकू येत नाही, मग आम्ही बोलायचं कुणाशी?

वेळ संपत आली, पण एक राहिलं. दरडीखाली गेलेली तळिये, इर्शाळवाडी ही नावं तुम्ही विसरला नसाल. घरामागच्या जमिनीला नवी भेग दिसली, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं, झाडं किंवा खांब कलले, दार चौकटीत अडकायला लागलं, तर थांबायचं नाही. गुरांची दावी सोडा, म्हाताऱ्यांना आणि पोरांना घ्या, आणि उताराच्या रेषेतून बाजूला निघा. ओढ्याच्या वाटेनं नको. गढूळ झरा, नवी भेग, अडकलेलं दार. उजाडायची वाट बघू नका. तलाठ्याचा आणि सरपंचाचा नंबर आजच भिंतीवर कोळशानं लिहून ठेवा, मोबाइल बंद पडला तरी भिंत वाचता येते.

नमस्कार.