कागदावरचा थेंब

(दृश्य : ठाणे पश्चिम, जांभळी नाका. काष्ठौषधीचं दुकान. गल्ल्यावर पांढरा कागद.)

जांभळी नाक्यावर सकाळी बोलायचं तर आवाज चढवूनच बोलावं लागतं. भाजीवाले, हातगाड्या, फुलांच्या पाट्या आणि त्यातून वाट काढत स्टेशन गाठणारी माणसं. पण काष्ठौषधीच्या या दुकानाची पायरी चढलं, की आधी नाक कामाला लागतं. वेखंड, नागरमोथा, वावडिंग, कापूर हे वेगवेगळे ओळखू येतात ते नंतर. पहिल्यांदा येतो तो सगळ्यांचा मिळून एक वास, आजीचं फडताळ उघडल्यावर यायचा तसा.

दुकानाच्या काकांनी कागदावर दोन थेंब टाकलेत. डावीकडे तिळाचं तेल, मधे निलगिरीचं. तिसरा थेंब माझ्या पर्समधल्या बाटलीतला. फुटपाथवर घेतलेलं लव्हेंडर, लेबलवर ‘शंभर टक्के शुद्ध’. आत्ता तिन्ही डाग सारखेच दिसतायत. कागदाच्या कोपऱ्यावर पितळी वजन ठेवत काका म्हणतात, "राहू दे असंच. तुम्ही वाशीला जाऊन या, मग बघू."

(दृश्य : मॉलमधलं दुकान. काळसर काचेच्या छोट्या बाटल्या.)

घोडबंदर रोडवरच्या मॉलमध्ये हेच निलगिरीचं तेल सुबक बाटलीत मिळतं. वर लिहिलेलं असतं ‘इसेन्शियल ऑइल’. इसेन्शियल म्हणजे गरजेचं, असं पुष्कळांना वाटतं, आणि विकणाऱ्यांनाही तो समज मोडायची घाई नसते. मूळ शब्द इसेन्स. म्हणजे अर्क, सत्त्व. आपल्याकडे पुस्तकी मराठीत याला बाष्पनशील तेल म्हणतात, हवेत उडून जाणारं. तीळ, शेंगदाणा, खोबरं यांच्या तेलात स्निग्धांश असतो. बाष्पनशील तेलात तो नसतोच. त्यात असतात झाडानं स्वतःच्या कामासाठी तयार केलेली रसायनं, कुठे कीड लांब ठेवायला, कुठे भुंगे बोलवायला. ओव्यात थायमॉल, लवंगेत युजेनॉल, निलगिरीत सिनिओल, गवती चहात सिट्रॉल.

(दृश्य : कळव्यातल्या एका घराची गॅलरी. कुंडीत गवती चहा.)

कळव्याच्या या काकूंना सिट्रॉल हा शब्द माहीत नाही. पण चहा करताना त्या आलं आधी उकळतात आणि गवती चहाची पात अगदी शेवटी तोडून टाकतात. गॅस बंद, वर लगेच झाकण. असं का? काकू म्हणतात, "नाहीतर वास जातो शेजाऱ्यांकडे, आणि आपल्याला राहतं नुसतं गवत."

तेल काढणारे नेमकं उलटं करतात. ते वास मुद्दाम उडू देतात आणि वाटेत पकडतात. सिट्रॉल एकटं उकळायचं तर सव्वादोनशे अंशांच्या वर तापवावं लागेल, तोवर ते करपेल. पण पाण्याच्या वाफेची सोबत मिळाली, की तेच सिट्रॉल शंभर अंशांच्या आत बाहेर पडतं. पातींमधून वाफ सोडायची, ती थंड नळीतून न्यायची, भांड्यात जमलेल्या पाण्यावर तेलाचा पातळ थर तरंगतो. तो अलगद काढून घ्यायचा. उत्तर प्रदेशात कन्नौजला अत्तरवाले आजही तांब्याची देग, बांबूची नळी आणि पाण्यात बुडवलेला भपका, म्हणजे अर्क जमवायचं भांडं, वापरतात. इकडच्या कारखान्यांत स्टीलच्या टाक्या असतात. युक्ती तीच.

आता हिशोब. शंभर किलो ताज्या गवती चहातून तेल मिळतं साधारण पाव ते अर्धा किलो. गुलाबाचं तर विचारूच नका. एक किलो तेलाला ३ ते ५ हजार किलो फुलं. मोगरा, सोनचाफा ही फुलं वाफेत नुसती कोमेजतात, त्यांचं तेल असं नीट निघतच नाही. म्हणून स्टेशनबाहेर कुणी शंभर रुपयांत अस्सल गुलाबतेल देत असेल, तर त्याच्या बोलण्याच्या गोडव्याला दाद द्यावी आणि गाडी पकडावी.

(दृश्य : ट्रान्सहार्बर लोकल. मग वाशीच्या एपीएमसीचं मसाला मार्केट.)

पूर्वी हा घाऊक बाजार मशीद बंदरला होता, मग खाडी ओलांडून इकडे आला. मिरचीच्या खाटानं डोळे चुरचुरतात, पण लवंगेच्या गाळ्यापुढे वास एकदम गोड होतो. ही पोती मादागास्करची, ती श्रीलंकेची. व्यापारी एक लवंग उचलतो आणि तिच्या डोक्याखाली नख दाबतो. नखावर ओलसर चकाकी आली पाहिजे. तेल काढून घेतलेली लवंगही बाजारात फिरते. दिसायला लवंग, आत लाकूड.

चांगल्या लवंगेत वजनाच्या १५ ते २० टक्के तेल असतं. गवती चहापुढे ही श्रीमंतीच. आणि हे तेल पाण्यावर तरंगत नाही, तळाशी बसतं, इतकं जड. त्यातल्या युजेनॉलनं जागा बधिर होते. दाढ ठणकू लागली, की कापसाच्या बोळ्यावर लवंगेचं तेल घेऊन दाबायचं, हा उपाय घरोघरी होता. दंतवैद्य तेच युजेनॉल झिंक ऑक्साइडमध्ये कालवून तात्पुरतं सिमेंट भरतात. फक्त बोळा हिरडीला लागला तर हिरडी भाजते.

(दृश्य : परतीची लोकल. खिडकीतून घणसोली, रबाळ्याचे कारखाने.)

मला मात्र आठवतं ते रोशाचं तेल. आजी खानदेशातली. तिचे गुडघे धरले, की ती तिळाच्या तेलात त्याचे चार थेंब टाकून चोळायची. गुलाबासारखाच वास, पण जरा गवताळ. सातपुड्याच्या पायथ्याशी, खानदेश-निमाडच्या माळावर वाढणारं हे रोशा गवत. त्याच्या दोन जाती, मोतिया आणि सोफिया. मोतियाचं तेल भारी, त्यात गुलाबाशी नातं सांगणारं जिरॅनिऑल भरपूर. हे तेल मुंबई बंदरातून तांबड्या समुद्रामार्गे इस्तंबूलला जायचं, आणि तिथे महागड्या गुलाबतेलात मिसळलं जायचं. युरोपात त्याला नाव पडलं तुर्की जिरेनियम तेल. ना ते तुर्कस्तानचं, ना जिरेनियमचं. आजीला हे सांगायचं राहून गेलं. ती नक्की म्हणाली असती, "म्हणजे आमच्या गवताला गुलाबाचा भाव!"

निलगिरीची कथा याच्या उलट्या दिशेची. हे झाड ऑस्ट्रेलियाचं. इंग्रजांनी १८४३ साली जळणासाठी ते निलगिरीच्या डोंगरात लावलं, आणि आपण डोंगराचंच नाव झाडाला दिलं. सर्दी झाली, की गरम पाण्यात दोन थेंब, डोक्यावर टॉवेल. इथे एक गंमत सांगायला हवी. पुदिन्याच्या फुलानं, म्हणजे मेन्थॉलनं, नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं ना? चोंदलेली वाट खरं तर तेवढीच अरुंद राहते. मेन्थॉल नाकातल्या थंडी ओळखणाऱ्या नसांना चेतवतं, आणि मेंदूला वाटतं वारा खेळतोय. आराम खरा असतो, कारण वेगळं असतं.

(दृश्य : पुन्हा दुकान. संध्याकाळ, ट्यूबलाइट.)

काकांनी आमच्यासाठी अमृतधारा, ते जुनं घरगुती औषध, करायला घेतलीय. काचेच्या बाटलीत तीन वस्तू सारख्या वजनाच्या. कापूर, पुदिन्याचं फूल, ओव्याचं फूल म्हणजे थायमॉल. तिन्ही कोरड्या, खडखडीत. बूच लावून काका बाटली हलवत राहतात. आधी कडा ओल्या होतात, मग खडे घसरतात, आणि बघता बघता सगळ्याचं पाणी. ना विस्तव, ना पाण्याचा थेंब. एकटा कापूर वितळवायला पावणेदोनशे अंश लागतात. पण हे तिघे एकत्र आले, की एकमेकांची बांधणी मोडतात आणि दुकानातल्या उन्हाळ्यातच वितळतात. मी हा प्रकार तीनदा शूट केला. तिसऱ्यांदा गरज नव्हती.

याच सगळ्याला आता अरोमाथेरपी म्हणतात. हा शब्द फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ रने-मोरिस गातफोसे यांच्या १९३७ सालच्या पुस्तकानं रूढ केला. १९१० साली प्रयोगशाळेतल्या स्फोटात त्यांचे हात भाजले होते आणि जखमांवर त्यांनी लव्हेंडरचं तेल वापरलं. मंद दिवा, मालिश आणि छान वास असेल तर माणूस सैलावणारच. स्पावाल्यांनी एवढंच सांगितलं असतं, तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण तिथे मधुमेहापासून थायरॉइडपर्यंत सगळ्यावर बाटली निघते.

तेवढ्यात एक तरुण आई दुकानात येते. बाळ कडेवर, तीन महिन्यांचं असेल.

"काका, कापराची वडी द्या. गळ्यात पुरचुंडी बांधायचीय याच्या."

"नाही देणार," काका म्हणतात. "तोंडात गेली तर झटके येतात, ताई. डॉक्टरांना दाखवा."

ती जरा नाराज होते. तिच्या सासूबाई बाळाला ओवा-वावडिंगाची धुरी देतात, तीही काकांना पसंत नाही. धूर तो धूर, चिमुकल्या फुप्फुसांना कुठला आलाय औषधी. घरातल्या निलगिरीच्या बाटलीचीही तीच गोष्ट. हुंगायला दोन थेंब ठीक, पण लहान मुलानं काही मिली जरी प्यायलं तरी जिवावर बेतू शकतं. असं झालं तर उलटी करवायची नाही, थेट दवाखाना गाठायचा. मोठ्यांच्या अंगाला लावायचं तरी आजीची रीत बरी. दहा मिली खोबरेल किंवा तिळाच्या तेलात चार थेंब. हे झालं दोन टक्के. नुसतं तेल कातडीवर ओतायचं नाही.

ती आई ओव्याची पुडी घेऊन गेली. स्वतःच्या सर्दीसाठी, तव्यावर शेकून हुंगायला.

(दृश्य : काका पितळी वजन उचलतात. कागद ट्यूबलाइटसमोर.)

डावीकडचा तिळाचा डाग सकाळपेक्षा पसरलाय, त्यातून उजेड दिसतो. मधे, निलगिरीच्या जागी, काहीच नाही. कोरा कागद. वाळा किंवा चंदनाचं तेल असतं तर त्याला उडायला फार वेळ लागला असता, तिथे ही परीक्षा चालत नाही, काका सांगून ठेवतात. लव्हेंडर मात्र एव्हाना उडायलाच हवं होतं.

तिसरा डाग तिळाच्या डागाएवढाच, गोल, चकचकीत. काका माझी बाटली हातात घेतात, लेबल वाचतात, बोटावर थेंब घेऊन चोळून बघतात.

"खोबरेल असेल, नाहीतर तसलंच काही. चांगलं आहे. केसांना लावा."