आयोवातली एक शाळा आणि २०१६ ची निवडणूक

नमस्कार. निमंत्रणपत्रिकेवर आजचा विषय छापलाय, ‘२०१६ : अमेरिकेतले अंदाज का कोसळले?’ हिलरी क्लिंटन जिंकणार असं जवळपास सगळे म्हणत होते आणि निवडून आले डोनाल्ड ट्रम्प, ते कसं? त्याकडे मी येणारच आहे. पण त्याआधी एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. अध्यक्षपदाची निवडणूक उमेदवाराच्या मागे फिरून कळत नाही. इतकी वर्षं वार्ताहर म्हणून काम केल्यावर माझं हे ठाम मत झालंय.

उमेदवाराच्या विमानात पत्रकारांना जागा मिळते, पण भाडं त्यांच्या संस्थेने भरायचं. ते इतकं असतं की मराठी वर्तमानपत्राने त्याचा विचारही करू नये. राहिल्या सभा. तिथे पत्रकारांसाठी लोखंडी कठडे लावून एक चौकोन केलेला असतो. काही सभांमध्ये व्यासपीठावरून त्या चौकोनाकडे बोट दाखवलं जायचं आणि हजारो माणसं मागे वळून हुर्यो करायची. भाषण तर तेच, कालच्या गावातलं. मुंबईच्या कचेरीतून फोन आला की प्रश्नही ठरलेला, “आपले भारतीय काय म्हणतायत?” त्या प्रश्नाबद्दल मला अजून राग आहे. का, ते शेवटी सांगते.

म्हणून १ फेब्रुवारी २०१६ च्या संध्याकाळी मी सभेला न जाता आयोवा राज्याची राजधानी डे मॉइन, तिच्याजवळच्या एका शाळेत जाऊन बसले. पक्षांचे उमेदवार ठरवायची पहिली फेरी तेव्हा आयोवात व्हायची आणि तीही मतपेटीने नाही, कॉकसने, म्हणजे पक्षाच्या मतदारांनी गावोगावी सभेला जमून. रिपब्लिकन लोक चिठ्ठीवर नाव लिहून मोकळे होत. डेमोक्रॅटिक पक्षात मात्र माणसांनी उठून आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात उभं राहायचं, सगळ्या शेजाऱ्यांच्या देखत. आपल्याकडे लग्नाच्या कार्यालयात मुलाकडचे एका बाजूला आणि मुलीकडचे दुसऱ्या बाजूला बसतात ना, तसं. संध्याकाळी सातला हजर राहायलाच हवं असायचं. कोणी आजारी असलं, रात्रपाळी असली, तर बहुतेकांचं मत जायचंच. पण नोव्हेंबरपर्यंत अठरा पूर्ण होणार असतील तर सतरा वर्षांच्या पोरांनाही येता यायचं.

जिममध्ये दीडशे माणसं होती. मोजणी म्हणजे रांगेतल्या प्रत्येकाने आपला आकडा मोठ्याने म्हणायचा. डेमोक्रॅटिक पक्षाचे इच्छुक तीन: क्लिंटन ७१, बर्नी सँडर्स ६८ आणि बास्केटबॉलच्या बास्केटखाली मार्टिन ओमॅलींचे ११. नियम असा, की पंधरा टक्के जमले नाहीत तर तो गट बाद. म्हणजे निदान २३ हवेत. त्या अकरांनी एकतर दुसऱ्या कोपऱ्यात जायचं किंवा घरी. पक्षाच्या पुढच्या अधिवेशनात पाठवायला या केंद्राच्या वाट्याला पाच प्रतिनिधी होते, त्यामुळे पंचाहत्तरच्या पुढे जो जाईल त्याला तीन, दुसऱ्याला दोन. सगळी मदार त्या अकरांवर.

मग जे झालं ते बघायला मिळावं म्हणून मी आयुष्यभर वार्ताहर राहायला तयार आहे! सँडर्सच्या कोपऱ्यातून एक आजी बिस्किटांचा डबा घेऊन आल्या. क्लिंटनवाल्यांनी लगेच केक पुढे केला. (हशा) हसू येतं, पण पुढचं बोलणं अगदी गंभीर होतं. सँडर्सकडची एक सतरा वर्षांची मुलगी त्या अकरांतल्या, शाळेच्या ग्रंथपाल बाईंना विचारत होती, “माझ्या कॉलेजच्या कर्जाचं काय?” बाई म्हणाल्या, “अगं, पण हे सगळं संसदेत मंजूर कोण करून घेणार?” शेजारी एक निवृत्त गृहस्थ उभे होते. ते म्हणाले, “मला दोघांचंही पटत नाही. माझी फॅक्टरी गेली त्याबद्दल कोणीच बोलत नाही.” हे वाक्य मी वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या. ते गृहस्थ शेवटी सँडर्सकडे गेले. ग्रंथपाल बाई बराच वेळ मध्येच उभ्या राहिल्या आणि मग क्लिंटनकडे गेल्या. आकडा झाला ७६ विरुद्ध ७४.

आता नीट ऐका. पक्षाला कळवलं गेलं ते ३ विरुद्ध २. दोन माणसांचा फरक कागदावर साठ-चाळीस झाला! ७६ आणि ७४ हे आकडे पक्षाने त्या वर्षी जाहीरच केले नाहीत. राज्यभरातून जाहीर झाला तो प्रतिनिधींचा हिशेब, ४९.८ विरुद्ध ४९.६. वाहिन्या रात्रभर त्यावर चर्चा करत होत्या. त्यावरून इतका वाद झाला की २०२० पासून डोक्यांचे आकडेही द्यायचं ठरलं. त्या वर्षी आकडे कळवायच्या ॲपने जो घोळ घातला, ती हकीकत मोठी आहे, आज नको.

आयोजकांची चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं उरलीत. तर मूळ विषय, भराभर.

देशपातळीवरचे अंदाज फारसे कोसळले नव्हते. क्लिंटन साधारण तीन टक्क्यांनी पुढे दाखवल्या होत्या, त्यांना दोन टक्क्यांहून थोडी जास्त, म्हणजे २८ लाखांवर मतांची आघाडी मिळाली. पण तिथे अध्यक्ष देशभरच्या मतांवर नाही, राज्यवार हिशेबावर ठरतो. कोसळले ते राज्यांचे अंदाज. मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया मिळून सुमारे ७८ हजार मतांनी निवडणूक ट्रम्पकडे फिरली. कारणं दोन. अनेक सर्वेक्षणांनी कमी शिकलेल्या मतदारांचं प्रमाण दुरुस्त करून घेतलं नव्हतं, आणि बऱ्याच लोकांचा निर्णय अगदी शेवटच्या दिवसांत झाला.

पण खुणा फेब्रुवारीतच होत्या. आयोवात रिपब्लिकन कॉकसला २०१२ मध्ये १ लाख २१ हजार लोक आले होते. २०१६ मध्ये आले १ लाख ८६ हजार. डेमोक्रॅटिक गर्दी २००८ च्या २ लाख ३९ हजारांवरून १ लाख ७१ हजारांवर आली. नोव्हेंबरात त्याच राज्यातली हॉवर्ड काउंटी (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग), जिने २०१२ मध्ये ओबामांना वीसहून अधिक टक्क्यांची आघाडी दिली होती, तितक्याच फरकाने ट्रम्पकडे गेली. पक्षाच्या प्राथमिक फेरीनंतर क्लिंटन विस्कॉन्सिनला एकदाही गेल्या नाहीत. त्यांच्यामागे फिरणाऱ्या पत्रकाराला मग विस्कॉन्सिन दिसणार कुठून?

आता तो राग. ऑक्टोबरात ट्रम्प न्यू जर्सीतल्या एडिसनला भारतीयांच्या कार्यक्रमात आले, ‘अब की बार ट्रम्प सरकार’ची जाहिरात झाली आणि आपल्याकडे पानंच्या पानं भरली. आपली मराठी माणसंही त्या भागात बरीच आहेत, मान्य. पण न्यू जर्सीत लढतच नव्हती, क्लिंटन तिथे चौदा टक्क्यांनी जिंकल्या. लढत होती शेजारच्या पेनसिल्व्हेनियात. तिथल्या लुझर्न काउंटीने ओबामांना निवडलं होतं, ती २०१६ मध्ये ट्रम्पकडे गेली. आपल्या किती वाचकांनी तिचं नाव तेव्हा वाचलं?

पुढची निवडणूक २०२८ मध्ये आहे. या सभागृहात संपादक बसलेत, त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे. विमानाच्या भाड्याचा विचार सोडा. एका वार्ताहराला एका काउंटीत तीन महिने राहू द्या. तिथलं निवडणूक कार्यालय मागच्या निवडणुकांचे केंद्रवार आकडे देतं, ते सार्वजनिक असतात. ते घेऊन त्याने शाळेत, चर्चच्या तळघरात, बंद पडलेल्या फॅक्टरीसमोरच्या उपाहारगृहात जाऊन बसावं. आणि त्याला फोन करून भारतीय काय म्हणतायत, असं विचारू नका.