वर्षभराचा रिचार्ज: किंमत भागिले दिवस

(सांगलीत ज्येष्ठ नागरिकांसमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

मंडळी, नमस्कार.

उसाचं बिल खात्यावर जमा झालं किंवा यार्डातून हळदीची पट्टी हातात आली, की वर्षाची देणी एकदम उरकायची आपल्याकडची रीत आहे. आता त्यात मोबाईलचा रिचार्जही आलाय. एकदा पैसे भरले की वर्षभर बघायला नको, हे खरं आहे. पण ते पैसे त्या कंपनीकडे वर्षभर अडकतात. म्हणून आधी हिशेब, मग टॉवर आणि त्यानंतरच रिचार्ज, हा क्रम सोडू नका.

हिशेब सोपा आहे. किंमत भागिले दिवस. २८ दिवसांचा प्लॅन वर्षात १२ वेळा नाही, १३ वेळा भरावा लागतो. ८४ दिवसांचा चार वेळा भरला तरी ३३६ दिवसच होतात, २९ दिवस उरतात. ज्यांना दरमहा ठरलेल्या तारखेलाच भरायची सवय आहे, त्यांनी दुकानदाराला तसं स्पष्ट विचारावं. ट्राय म्हणजे दूरसंचार कंपन्यांवर देखरेख ठेवणारं सरकारी प्राधिकरण. त्याच्या २०२२ च्या आदेशानुसार प्रत्येक कंपनीला ३० दिवसांचा आणि दरमहा त्याच तारखेला येणारा, असे प्लॅन ठेवावेच लागतात.

आता नुसत्या बोलण्याच्या प्लॅनकडे येऊ. साध्या बटणाच्या फोनवर लेकीशी बोलायचं आणि बँकेचा ओटीपी यायला हवा, एवढीच गरज असलेल्या माणसाने रोजच्या दोन जीबीचे पैसे का भरावेत? ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये नियम बदलला. फक्त कॉल आणि एसएमएस असलेलं व्हाउचर, म्हणजे तसा रिचार्ज, ठेवणं कंपन्यांना बंधनकारक झालं आणि विशेष व्हाउचरची कमाल मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवसांवर गेली. त्यानंतर जानेवारी २०२५ मध्ये एअरटेलने १,८४९ रुपयांत ३६५ दिवस दिले आणि जिओने १,७४८ रुपयांत ३३६ दिवस. वरवर पाहिलं तर जिओचा १०१ रुपयांनी स्वस्त. भागाकार करा: १,७४८ भागिले ३३६ म्हणजे दिवसाला ५ रुपये २० पैसे, आणि १,८४९ भागिले ३६५ म्हणजे ५ रुपये ७ पैसे. महाग दिसणारा प्लॅनच स्वस्त निघाला. दर पुढे बदलत राहतात, भागाकार मात्र दर वेळी करा.

या प्लॅनमध्ये नेट नसतं. घरी वायफाय असेल तर प्रश्न नाही. नसेल, तर अडीनडीला वरून डेटा व्हाउचर टाकता येतं का, हे पैसे देण्याआधी विचारा. आणि एसएमएसची जी मर्यादा लिहिलेली असते ती आपण पाठवायच्या एसएमएसची. आलेला ओटीपी त्यात मोजत नाहीत. मात्र नव्या फोनवर यूपीआय सुरू करताना आपल्या सिमवरून एक एसएमएस जावा लागतो. प्लॅनमध्ये एसएमएस नसेल आणि बॅलन्सही नसेल, तर नोंदणी तिथेच अडते आणि माणूस बँकेला दोष देत बसतो.

लांब मुदतीचा मोठा फायदा दरवाढीच्या वेळी कळतो. जुलै २०२४ मध्ये २,९९९ रुपयांचे वार्षिक प्लॅन ३,५९९ वर गेले. ज्यांनी आधीच भरले होते त्यांना मुदत संपेपर्यंत झळ लागली नाही. आगाऊ पैसे घेऊन दिलेल्या मुदतीत कंपनीला दर वाढवता येत नाही.

आता टॉवर, आणि इथेच लोक सर्वांत जास्त फसतात. सांगलीच्या विश्रामबागेतल्या दुकानात पाच काड्या दिसल्या म्हणून शिराळ्याच्या डोंगराकडच्या वाडीत दिसतील असं नाही. पाटण, कोयनाकाठच्या लोकांना हे सांगायला नको. ज्या कंपनीत वर्षभराचे पैसे भरायचे, तिचं सिम आधी २८ दिवस घरात वापरून बघा. फोनच्या सेटिंगमध्ये ‘फोनविषयी’ आणि त्यात सिमची स्थिती उघडली, की बहुतेक अँड्रॉइड फोनवर सिग्नलचा उणे आकडा दिसतो. फोर-जीवर उणे ९० च्या आसपास चांगलं, उणे ११० च्या पलीकडे गेलं की बोलणं तुटायला लागतं. हा आकडा अंगणात नाही, स्लॅबखालच्या आतल्या खोलीत, दार लावून बघा. नेटचा वेग रात्री आठ ते दहाच्या दरम्यान तपासा. त्या वेळी सगळं गाव मोबाईलवर असतं.

एवढी खातरजमा का? कारण मध्येच नंबर दुसऱ्या कंपनीकडे पोर्ट केला, तर उरलेली मुदत आणि बॅलन्स दोन्ही बुडतात. पोर्ट करायचाच असेल तर मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात १९०० वर एसएमएस करा: इंग्रजीत पोर्ट, मोकळी जागा, मग आपला दहा अंकी नंबर. उत्तरात येणारा कोड नव्या कंपनीला द्यायचा असतो, आणि तो महाराष्ट्रात चार दिवस चालतो. सध्याच्या कंपनीकडे ९० दिवस पूर्ण झालेले हवेत.

घरात चार फोन असतील तर चारही एकाच कंपनीत वर्षभर बांधू नका. पुरात वीज गेली की टॉवर बॅटरीवर आणि जनरेटरवर चालतो. डिझेल पोचलं नाही की तो बंद पडतो. एक कंपनी बंद असताना दुसरी चालू असण्याची शक्यता राहते. कृष्णाकाठी हा विचार करावाच लागतो.

दुसऱ्या सिमकडे दुर्लक्ष झालं तर काय होतं, तेही सांगतो. ९० दिवस त्यावर कॉल, एसएमएस, नेट काहीच झालं नाही, तर नंबर बंद होऊ शकतो. मुख्य बॅलन्समध्ये २० रुपये असतील तर ते कापून ३० दिवस वाढवून मिळतात. बंद झालेला नंबर पुढे दुसऱ्याला दिला जातो, म्हणून बँक आणि आधारला जोडलेला नंबर असा सोडू नका.

पैसे गेले आणि रिचार्ज झाला नाही, तर १९८ वर तक्रार करा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. त्याच्याशिवाय पुढे अपील करता येत नाही. पैसे कशात कापले गेले याचा तपशील हवा असेल तर प्रीपेडवालाही मागू शकतो: मागच्या सहा महिन्यांपर्यंतचा, जास्तीत जास्त ५० रुपयांत, आणि कंपनीला तो ३० दिवसांत द्यावा लागतो.